टेक्सासमध्ये पहिली गन घेताय? आधी व्हिसा बघा, मग गोळ्यांचा हिशोब करा

पॉटलकला भांडी उचलताना कुणी ना कुणी मला हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, "काय गं, तुम्ही गन घेतलीत म्हणे, केवढ्याला पडली?" मी सांगते, ५४० डॉलर, वर टॅक्स. समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो, अरे हे तर फोनपेक्षा स्वस्त. गोळी केवढ्याला पडते हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि तुमचं व्हिसाचं स्टेटस काय होतं तेव्हा, हे तर मुळीच नाही. आणि आपल्या लोकांचे पाय घसरतात ते नेमके या दोनच ठिकाणी. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतेय, प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला.

आम्ही डॅलसच्या बाजूला राहतो, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर २०२२ मध्ये पहिली गन घेतली. घ्यावी की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, त्यावर मी काही बोलणार नाही. फक्त एक, घरात कुणी नैराश्यातून जात असेल, कुणाची औषधं चालू असतील, तर हा विषय सध्या बंद ठेवा. तिजोरी वगैरे सगळं असलं तरी.

१. आधी स्वतःचं स्टेटस

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. टेक्सास कितीही मोकळं असलं तरी हा फेडरल नियम आहे, तो सगळीकडे लागतो. आणि "बाळगणं" म्हणजे फक्त विकत घेणं नाही, शूटिंग रेंजवर भाड्याची गन पाच मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. ऑफिसची टीम आउटिंग रेंजवर जाते, दहातले सहा एच-१बी, फोटो काढून टाकतात, कुणी काही विचारत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं चालतं. चालत नाही. कुणी विचारलं नाही एवढंच.

यातून एक सरळ वाट आहे, हंटिंग लायसन्स. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही बंदी लागत नाही, रेंजवर जाता येतं आणि विकतही घेता येतं. शिकार करायलाच पाहिजे असं नाही पण लायसन्स मुदतीत हवं. टेक्सासचं वर्षाचं लायसन्स कधीही घेतलं तरी ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैमध्ये घेऊन "वर्षभर चालेल" असं समजू नका. १ सप्टेंबरला तुमच्या घरातली तीच गन गुन्हा होते. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये शिकारीला जायचं तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो ऑनलाइन होतो, करून टाका. ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे आणि ईएडीवर (वर्क परमिटवर) काम करताय असे जे मधले लोक आहेत त्यांनी मात्र हे वाचून काही ठरवू नका, इमिग्रेशन वकिलाला तासाचे पैसे द्या आणि विचारा.

माझे बाबा सुभेदार म्हणून रिटायर झाले. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घराआड एक फौजी. ते इथे आले तेव्हा मला वाटलं यांना रेंजवर नेऊ, किती खूश होतील. निघायच्या आदल्या रात्री सहज नियम वाचत बसले आणि लक्षात आलं की बाबा बी-२, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आहेत. आयुष्यभर रायफल खांद्याला लावलेला माणूस, आणि त्याला इथे .२२ ची छोटीशी बंदूकसुद्धा हातात धरता येत नाही! शेवटी ते काचेमागच्या बाकावर बसले आणि तिथूनच हाताने खुणा करून माझे पाय नीट करत होते, डावा पुढे, गुडघा सैल, खांदा आत. इन्स्ट्रक्टर हसत होता. बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पुंगळ्या कोण मोजतं इथे?" मी म्हटलं कुणी नाही, झाडून बादलीत टाकतात. ते त्यांना अजिबात पटलं नाही. त्यांच्याकडे फायरिंग झालं की रिकामी पुंगळी न् पुंगळी शोधून, मोजून परत द्यायची, एक कमी पडली तर गवतात ओणवं होऊन सगळी कंपनी शोधत बसायची.

(नंतर कळलं की बाहेरच्या पाहुण्यांनाही टेक्सासचं शिकारीचं लायसन्स मिळतं. पुढच्या वेळी बघू.)

ग्रीन कार्डवाल्यांना गन घ्यायला अडचण नाही, पण एक कायम डोक्यात ठेवा. आपण सिटिझन नाही. गनशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलात तर दंड-तुरुंग राहू दे बाजूला, डिपोर्टेशनचं तेवढं एक कारण पुरतं. शेजारचा टेक्सन गडी जी गोष्ट हसून सोडून देतो ती आपल्याला सोडता येत नाही.

२. काय काय जवळ लागेल

- टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी, त्यावर सध्याचा पत्ता. घर बदललं आणि लायसन्स जुन्याच पत्त्याचं असेल तर नवीन पत्त्याचा सरकारी कागद, बहुतेकांकडे गाडीचं रजिस्ट्रेशन असतं. वीजबिल चालत नाही, भांडू नका.
- ग्रीन कार्ड, त्यावरचा यूएससीआयएस नंबर फॉर्मवर लिहावा लागतो.
- नॉन-इमिग्रंट असाल तर आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) आणि हंटिंग लायसन्सची प्रत.
- सोशल सिक्युरिटी नंबर. फॉर्मवर तो ऐच्छिक आहे पण द्या, कारण खाली सांगतेय.
- वय. दुकानातून हँडगन घ्यायला २१, रायफल-शॉटगनला १८.

एवढंच. टेक्सासमध्ये गन घ्यायला परमिट लागत नाही, रजिस्ट्रेशन नाही, थांबायचे दिवस नाहीत. पण तुमची बहीण न्यू जर्सीत आणि मित्र कॅलिफोर्नियात असेल तर त्यांना हा लेख जसाच्या तसा फॉरवर्ड करू नका. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र काढायचं आणि हँडगनला वेगळं परमिट. इलिनॉयमध्ये फॉइड कार्डाशिवाय (तिथलं गनमालकाचं ओळखपत्र) गोळ्यासुद्धा मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात १० दिवस थांबायचं, आणि १ जुलै २०२४ पासून गन आणि गोळ्यांवर राज्याचा वेगळा ११% कर. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून गोळ्यांच्या प्रत्येक खरेदीला तपासणी आणि तिची अडीच डॉलर फी. आपल्या राज्याचं आपण बघा.

३. विकत घेण्याआधी भाड्याने चालवा

नवऱ्याने यूट्यूबवर तीन आठवडे व्हिडिओ बघून एक पिस्तूल पक्कं केलं होतं, छोटंसं, गोंडस. रेंजवर तेच भाड्याने घेतलं आणि मला त्याची स्लाइडच (वरचा सरकणारा भाग) मागे खेचता येईना. छोटी पिस्तुलं हाताळायला सोपी असतात हा एक मोठा गैरसमज, उलट त्यांची स्प्रिंग ताठ असते आणि धक्का जास्त बसतो. दुकानदार मात्र बायकांना हटकून छोटं, आणि जमलं तर गुलाबी, काढून दाखवतात. मी दोन शनिवार घालवून सहा गन चालवून बघितल्या, भाड्याचे सगळे मिळून शंभरेक डॉलर गेले, आणि ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले असं अजूनही वाटतं. शेवटी मधल्या मापाचं, ९ एमएम गोळीचं पिस्तूल घेतलं. नवऱ्याची यूट्यूब विद्या त्यानंतर थंड झाली.

साधारण भाव सांगते म्हणजे अंदाज येईल. ग्लॉक १९ किंवा सिग पी३६५ ५०० ते ६०० च्या घरात, टॉरसचं जी३सी तीनशेच्या आत मिळून जातं, रुगरची १०/२२ ही .२२ रायफल अडीचशे ते साडेतीनशे, मॅव्हरिक ८८ शॉटगन दोनशे ते अडीचशे. ब्लॅक फ्रायडेला याहून खाली येतात. आणि फक्त शिकायचंच असेल, घरच्या सुरक्षेची घाई नसेल, तर डोळे मिटून .२२ घ्या. धक्का नाही, आवाज कमी, आणि गोळी इतकी स्वस्त की हात मोकळा सोडता येतो.

४. दुकानात: फॉर्म ४४७३

लायसन्स असलेल्या प्रत्येक डीलरकडे, मग तो मॉलमध्ये असो की गन शोमध्ये टेबल मांडून बसलेला असो, एटीएफ या फेडरल खात्याचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरावाच लागतो. दिसायला साधा आहे, चुका मात्र फार महाग.

नाव. फॉर्मला मधलं नाव पूर्ण लागतं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि इथे पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं, ग्रीन कार्डावर तिसरं अशी खिचडी झालेली असते. काहींचं तर आडनावाच्या जागी पहिलं नाव आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन). आयडीवर जसं आहे तसंच लिहा, आणि आयडी व ग्रीन कार्ड जुळत नसतील तर आधी ते जुळवून घ्या, गनचं नंतर.

नागरिकत्व. कोणत्या देशाचे नागरिक या रकान्यात घाईघाईत युनायटेड स्टेट्सवर खूण करून मोकळे होऊ नका. आपण इंडिया लिहायचं. नागरिक नसताना नागरिक आहे असं सरकारी कागदावर लिहिणं ही इमिग्रेशनमधली जवळजवळ न सुटणारी गाठ आहे.

खरा खरेदीदार कोण. तुम्ही स्वतःसाठी घेताय का, हा प्रश्न असतो. मित्र एच-१बीवर आहे म्हणून त्याचे पैसे घेऊन तुमच्या नावावर घेणं याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ च्या कायद्यापासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मैत्री वगैरे ठीक आहे. इथे नाही म्हणा. (बायकोला वाढदिवसाला स्वतःच्या पैशाने भेट देणं वेगळं, ते चालतं, बायकोला गन बाळगायची परवानगी असेल तर.)

गांजा. कोलोरॅडोत जाऊन गमी खाऊन आलो, तिथे कायदेशीर आहे ना? राज्यात असेल, फेडरल कायद्यात नाही, आणि हे फॉर्मवरच छापलेलं आहे.

फॉर्म दिला की डीलर एफबीआयच्या एनआयसीएस या पार्श्वभूमी तपासणाऱ्या सिस्टिमला विचारतो. उत्तरं तीन, प्रोसीड, डिलेड, डिनाइड. माझ्या नवऱ्याचं "डिलेड" आलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक. घाबरू नका. सिटिझन नसलेल्यांचा इमिग्रेशनचा तपास वेगळा होतो, शिवाय जोशी-पाटील-शिंदे नावाची माणसं काय कमी आहेत का? कुणा भलत्याच पाटलाशी नाव जुळतं. म्हणूनच सोशल सिक्युरिटी नंबर द्या म्हटलं. कामाचे तीन दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही तर कायद्याने डीलर गन देऊ शकतो, पण द्यायलाच पाहिजे असं नाही, काही दुकानं थांबतात. नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी सुटलं. दर वेळी असंच अडकत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून स्वतःचा यूपीआयएन हा ओळखीचा नंबर घेता येतो, मग पुढच्या खरेदीत तो लिहायचा.

५. ऑनलाइन घेतली तर

गन ऑनलाइन स्वस्त दिसते, पण ती घरी येत नाही, तुमच्या जवळच्या डीलरकडे येते आणि तिथे वरची सगळी वरात पुन्हा. डीलर ट्रान्सफर फी घेतो, आमच्याकडे २५ ते ४० डॉलर. शिवाय शिपिंग. त्यामुळे दुकानापेक्षा ४० डॉलर स्वस्त दिसणारी गन स्वस्त नसते, निदान ८०-९० चा फरक असेल तरच ऑनलाइनच्या नादी लागा. खाजगी विक्रेत्याकडून वापरलेली घ्यायची असेल तर टेक्सासमध्ये दोघंही इथलेच रहिवासी असले की चालतं, पण मी सांगेन की डीलरकडे जाऊन ट्रान्सफर करून घ्या. चोरीची निघाली तर वकिलाची फी ४० डॉलर नसते.

६. गोळ्यांचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. गन एकदाच घेता, गोळ्या कायम.

पहिला नियम, डब्याची किंमत बघायची नाही, एका गोळीला किती सेंट ते बघायचं. डबा ५० चा असतो, २० चा असतो, .२२ चा ५०० चा असतो, दुकानं मुद्दाम घोळ घालतात. मी गेल्या वर्षभरात जे भाव दिले ते असे (आधीचा आकडा गोळीचं माप): .२२ सहा ते आठ सेंट, ९ एमएम २३ ते ३०, .३८० साधारण ३२-३५, .४५ चाळीसच्या वर, ५.५६ पंचेचाळीस-पन्नास. म्हणजे .४५ घेणारा माणूस ९ एमएमवाल्याच्या जवळजवळ दीडपट पैसे जाळतो, आणि हे गन घेताना कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे .३८० ही ९ एमएमपेक्षा छोटी गोळी असून महाग, कारण ती कमी बनते.

आता ऑनलाइनचा फसवा भाव कसा असतो बघा. १००० गोळ्या २२० डॉलर, जाहिरातीत मोठ्या अक्षरात २२ सेंट. शिपिंग २०. झाले २४०. त्यावर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स, झाले जवळपास २६०. म्हणजे २६ सेंट. तिकडे दुकानात सेलला ५० चा डबा १३ डॉलरला, टॅक्स धरून १४, म्हणजे २८ सेंट. फरक गोळीमागे दोन सेंट, आणि त्यासाठी हजार गोळ्या एकदम घरात आणून ठेवायच्या. तो खोका १२-१३ किलोचा असतो बरं का, सोना मसुरीच्या २० पाउंडी पिशवीपेक्षा जड, डिलिव्हरीवाला धाडकन दारात टाकून बेल न वाजवता जातो. काही दुकानांच्या खोक्याला मात्र मोठ्या माणसाची सही लागते, म्हणून घरी कुणीतरी असेल त्या दिवशी मागवा. वेगवेगळ्या दुकानांचे भाव एका ठिकाणी सेंटमध्ये दाखवणाऱ्या साइट्स आहेत, ॲमोसीक त्यातली जुनी, तिथे भाव बघायचा आणि शिपिंग-टॅक्स स्वतः मिळवायचा.

वॉलमार्टला हेलपाटा घालू नका. २०१९ मध्ये एल पासोच्या त्यांच्या दुकानात गोळीबार झाला, त्यानंतर त्यांनी हँडगनच्या गोळ्या विकणं बंद केलं, आता शॉटगन आणि शिकारीच्या रायफलच्याच मिळतात.

भाव इतका नाचतो का, हे मला रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने समजावलं. २०१९ ला ९ एमएम १७-१८ सेंटला मिळायची. २०२० मध्ये कोविड, दंगली, निवडणूक सगळं एकदम आलं, त्या वर्षी एनआयसीएसच्या जवळपास ४ कोटी तपासण्या झाल्या, विक्रमच. लाखो नवीन लोकांनी गन घेतल्या आणि प्रत्येकाला निदान दोन डबे हवेच. त्यात गोळ्या बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचं दिवाळं निघालं. आणि गोळीच्या बुडाला जो छोटा प्रायमर असतो, ज्यावर पिन आपटल्यावर ठिणगी पडते, तो अमेरिकेत मोजक्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे पितळ आहे, शिसं आहे, पण प्रायमर नाही म्हणून सगळं अडलं. २०२१ च्या सुरुवातीला तीच गोळी ८० सेंटवर गेली, दुकानात माणशी एक डबा, सकाळी सातला रांग. मग त्याच वर्षी रशियाच्या गोळ्यांच्या आयातीवर निर्बंध आले, स्वस्तातल्या स्टीलच्या गोळ्या तिकडूनच यायच्या. म्हातारा म्हणाला, निवडणुकीच्या वर्षी कधी घ्यायच्या नाहीत, आदल्या वर्षी घ्यायच्या. मला पटलं. भीतीचा भाव असतो हा, तांब्या-शिशाचा कमी.

किमतीत अजून एक लपलेला भाग आहे. एक फेडरल कर आहे, गोळ्या आणि लांब बंदुकांवर ११%, हँडगनवर १०%, तो कारखानदार भरतो म्हणून पावतीवर दिसत नाही, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी जातो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू भोकं पाडतेस कागदाला आणि पोट भरतं हरणाचं."

मग किती लागतात? महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन १०० गोळ्या झाडल्या, तर वर्षाला १२००, पंचवीस सेंटने ३०० डॉलर. रेंजची फी २० धरली तर २४०. झाले ५४०, म्हणजे माझ्या पिस्तुलाचीच किंमत, दर वर्षी. आणि महिन्यातून एकदा जाणार नसाल तर मग गन घेऊन करणार काय? कपाटात ठेवलेली आणि हाताला सवय नसलेली गन सगळ्यात धोकादायक.

७. डब्यावरचं वाचायला शिका

गोळ्या परत घेत नाहीत. कुठलंच दुकान घेत नाही. म्हणून आधी वाचा.

९ एमएम ल्यूगर, ९x१९, पॅराबेलम ही एकाच गोळीची नावं. पण "९ एमएम कुर्झ" म्हणजे .३८०, आणि ९x१८ ही मकारोव्ह, या तुमच्या गनला चालत नाहीत. तुमच्या बॅरलवर काय कोरलंय ते डब्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. .२२३ लिहिलेल्या रायफलमध्ये ५.५६ घालू नका, दिसायला सारख्या पण दाब जास्त असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शॉटगनमधली सरमिसळ. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या नळीत सरळ आत घसरतं आणि पुढे अडकून बसतं. माणसाला वाटतं घातलंच नाही, तो मागून १२ चं घालतो आणि बार काढतो. नळी फाटते. म्हणूनच २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची असतात, ते फॅशन म्हणून नाही.

डब्यावर ११५ ग्रेन असं असतं ते पुढच्या उडणाऱ्या शिशाच्या तुकड्याचं वजन, साधारण साडेसात ग्रॅम, आतल्या दारूचं नाही. सरावाला एफएमजे (शिशावर धातूचं आवरण असलेली) घ्यायची. होलो पॉइंट घरच्या सुरक्षेसाठी, ती आत शिरल्यावर पसरते म्हणून भिंतीपलीकडे जायचा धोका थोडा कमी (कमी म्हणतेय, शून्य नाही, इथल्या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठाच), आणि ती दुप्पट-तिप्पट महाग. वीसचा एक डबा घेतला तरी पुरतो, पण त्यातल्या थोड्या झाडून बघा, काही गनमध्ये अडकतात.

रेंजवर पहिल्यांदा स्वतःच्या गोळ्या घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या पोराने खिशातून एक लोहचुंबक काढला आणि डब्यावर फिरवला. खट्कन चिकटला. स्टील असलं की बऱ्याच बंदिस्त रेंज चालू देत नाहीत, भिंतीवर आपटून ठिणग्या उडतात आणि टार्गेटमागची भिंत खराब होते. मग तिथल्याच घ्याव्या लागल्या, २४ डॉलरला ५०. तेव्हापासून फ्रिजवरचा एक चुंबक माझ्या पर्समध्ये असतो. आणि भाड्याची गन असेल तर गोळ्या त्यांच्याच घ्याव्या लागतात, तो त्यांचा धंदा आहे.

गन शोमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सुट्ट्या विकतात, घरी भरलेल्या. स्वस्त असतात. कुणी भरल्या, किती दारू घातली, देव जाणे. घेऊ नका.

८. घरात

हँडगनबरोबर डीलरला कुलूप द्यावंच लागतं, ती केबल फेकून देऊ नका. पण ती पुरेशी नाही, दीड-दोनशे डॉलरची पेटी घ्या आणि फळीला बोल्टने आवळा, नाहीतर चोर पेटीसकट नेतो. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली तर मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो. आमची मुलगी नऊची आहे, तिला पेटी कुठे आहे ते माहीत आहे, उघडायची कशी ते नाही, आणि मैत्रिणीकडे खेळायला पाठवायच्या आधी मी सरळ विचारते तुमच्याकडे गन आहे का, कुलपात असते का. सुरुवातीला लाज वाटायची. आता तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे सांगते त्याच दमात विचारते.

आई-बाबा, सासू-सासरे व्हिजिटरवर आले असतील तर त्यांना पेटीचा कोड देऊ नका. त्यांच्या हाती लागेल अशी ठेवली तर त्यांनी बाळगली असा अर्थ निघू शकतो.

गोळ्या गॅरेजमध्ये ठेवू नका. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये गॅरेज म्हणजे भट्टी, त्या लगेच फुटत नाहीत पण उष्णता आणि दमटपणाने खराब होतात. रबरी पट्टीचा लष्करी पत्र्याचा डबा २० डॉलरला मिळतो, तो घरात कपाटाच्या तळाशी, आत सिलिका जेलच्या पुड्या.

रेंजवरून आल्यावर साबणाने आणि गार पाण्याने हात-तोंड धुवा, शिसं असतं. त्याच हाताने पोराला घास भरवू नका.

९. गाडीतून नेताना

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला हँडगन बाहेर घेऊन फिरायला परमिट लागत नाही. तरी मी एलटीसी (घेऊन फिरायचं राज्याचं लायसन्स) काढलं, ४० डॉलर फी आणि क्लासचे वेगळे. कारण शाळा. फेडरल कायद्याने शाळेच्या १००० फुटांत भरलेली गन चालत नाही, आणि आमच्या घरापासून कुठेही जा, शाळेवरूनच जावं लागतं. राज्याचं लायसन्स असलं की रस्त्यावरून जाताना ती अडचण राहत नाही. शाळेच्या इमारतीत मात्र एलटीसी असलं तरी नाही. दुसरा फायदा, पुढची गन घेताना एनआयसीएसचा फोन लागत नाही.

दारावरच्या पाट्या वाचायची सवय लावा, ३०.०५, ३०.०६, ३०.०७ (गन आत आणायला मनाई करणाऱ्या कलमांचे नंबर), आणि बारवर लाल अक्षरात ५१%. पाटी असेल तर आत न्यायची नाही.

१०. इंडिया ट्रिपच्या आधी बॅग उलटी करा

आमच्या ओळखीतला एकजण, नाव-गाव सांगत नाही, रेंजला जाताना लॅपटॉपची सॅक वापरायचा. डिसेंबरात तीच सॅक घेऊन इंडियाला गेला. इथून सुटला, तिकडे उतरला, लग्न झालं, आणि तिकडच्या आतल्या फ्लाइटला एक्स-रेमध्ये अस्तरात अडकलेली एक ९ एमएमची गोळी दिसली. एक. पंचवीस सेंटची. इंडियात लायसन्सशिवाय जिवंत काडतूस म्हणजे १९५९ चा आर्म्स ॲक्ट. पोलीस स्टेशन, जबाब, फ्लाइट गेली, वकील, हायकोर्टात केस रद्द करून घ्यायचा अर्ज. जाणूनबुजून जवळ ठेवली नव्हती असं दाखवता आलं तर अशा केसेसमध्ये कोर्टं दिलासा देतात, पण तोवरचा खर्च आणि मनस्ताप तुमचाच, आणि ग्रीन कार्डवाल्याला तिकडची एफआयआर इकडेही आयुष्यभर फॉर्मवर सांगत बसावी लागते.

म्हणून रेंजची बॅग वेगळी. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, जिमला नाही, ऑफिसला नाही, प्रवासाला तर मुळीच नाही. जॅकेटचे खिसे, पँटची घडी, गाडीच्या सीटखाली, सगळीकडे बघायचं. रिकामी पुंगळीसुद्धा "पोरांना दाखवायला" म्हणून न्यायची नाही.

आमच्या घरी आता डब्याच्या झाकणावर पेन्सिलने लिहितो. नेल्या १००, झाडल्या ९४, परत ६. गॅरेजच्या फरशीवर बॅग उलटी करून सहा मोजल्याशिवाय आत यायचं नाही. मागच्या रविवारी पाचच भरल्या. मी आणि नवरा अर्धा तास टॉर्च घेऊन गाडीत वाकून शोधत होतो, तेवढ्यात साताऱ्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला, मी घामाघूम, केस विस्कटलेले. काय झालं म्हणाले. सांगितलं. "हां," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले, "ड्रायव्हरच्या सीटच्या रेलमध्ये बघितलंस का?"

तिथेच होती.